दार, उंबरा आणि अडसर : पुण्याच्या दारांची पन्नास वर्षे

१/
मार्च १८९७. प्लेगच्या भीतीने अनेक कुटुंबे पुणे सोडून गेली होती. मागे राहिलेल्यांच्या पेठांमधून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. वाड्यांची दारे उघडली गेली. जी उघडली नाहीत, ती उघडवली गेली. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर अशा क्रमाने बूट आत गेले. तीन महिन्यांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास बहुधा त्या गोळ्यांपासून सांगितला जातो. तो घराच्या पुढच्या दारापासून सांगितला, तर त्याच पुण्यातील आणखी काही दारे दिसू लागतात. हा थ्रेड त्या दारांविषयी.

२/
आधी शब्द पाहू. ‘दार’ हा शब्द संस्कृत ‘द्वार’ वरून आला. ‘दरवाजा’ फारसीतून आला. फारसीतही ‘दर’ म्हणजे दारच. ‘दरबार’ या शब्दातही तोच ‘दर’ आहे. राज्यकर्त्याच्या सत्तेचे नाव त्याच्या दारावरून पडावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठीत तर घराचा उच्चार दाराशिवाय पुरा होत नाही. मालमत्ता आणि संसार मिळून ‘घरदार’ होते, आणि सर्वस्व गमावलेल्या माणसाला ‘ना घर ना दार’ उरते. घर उभे राहण्यासाठी भिंती आणि छप्पर लागतात. भाषेने मात्र घराची जोडी दाराशी लावली.

३/
आता लाकूड. जुन्या दाराची चौकट नावाप्रमाणे चार लाकडांची असे. दोन बाजूंना दोन उभे खांब, वर गणपती कोरलेली गणेशपट्टी आणि खाली जमिनीलगत आडवा उंबरा. संस्कृतात ‘उदुंबर’ हे उंबराच्या झाडाचे नाव आहे, तसेच ते उंबऱ्याचेही नाव आहे. दार आतून बंद करण्यासाठी कडी-कोयंडा असे. शिवाय रात्री दोन्ही फळ्यांमागे एक जाड लाकूड आडवे सरकवीत. त्या लाकडाचे नाव अडसर. आज तो लाकडी अडसर फारसा कोणी पाहिलेला नसतो. कामात ‘अडसर’ आला असे मात्र सगळेच म्हणतात. दारामागचे लाकूड नाहीसे झाले आणि त्याचे नाव भाषेत राहिले.

४/
अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. गरजू माणूस सावकाराचे ‘उंबरे झिजवतो’. मदत मागणारा ‘दारोदार’ फिरतो. वैभवाच्या वर्णनात दारी हत्ती झुलतात. नियम मोडू पाहणारा ‘चौकटीबाहेर’ जातो. स्त्री शिकू किंवा कमावू लागली, की तिने ‘उंबरठा ओलांडला’ असे म्हटले जाते. यातील प्रत्येक प्रयोगात दाराच्या दोन बाजूंना दोन माणसे असतात, आणि त्यांची ताकद सारखी नसते. एकाच्या हातात कडी असते. दुसरा थांबलेला असतो. दाराचे लाक्षणिक अर्थ कितीही सूक्ष्म झाले, तरी ही मूळ रचना त्यांतून सुटत नाही.

५/
विधींमध्येही हेच दिसते. नवी सून उजव्या पायाने तांदळाचे माप ओलांडून घरात येते. त्या पावलाने तिचे घर बदलते. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागते, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिले जाते. उंबऱ्यावर बसू नये, असे मुलांना सांगितले जाते, आणि कारण म्हणून नरसिंहाची कथा येते. घरातही मरण नाही आणि घराबाहेरही नाही, असा वर मिळालेल्या हिरण्यकशिपूचा अंत उंबऱ्यावर झाला. उंबरा ना आत असतो, ना बाहेर. संस्कृत शास्त्रकारांनी ‘देहलीदीपन्याय’ सांगितला तो यावरूनच : उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि अंगणातही.

६/
पेशवाईतील पुण्याच्या वाड्यात एकच उंबरा नसे. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत छोटी दिंडी असे, आणि रोजची ये-जा तिच्यातूनच चाले. दिंडीतून आत येणाऱ्याला मान झुकवावी लागे, पाय उचलावा लागे आणि एका वेळी एकालाच आत शिरता येई. संरक्षणाची सोय आणि नम्रतेची सक्ती, दोन्ही एकाच सुताराने साधलेली. आत देवडी, तेथे पहारेकरी. पुढे चौक, मग सोपा किंवा ओसरी, मग माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर व देवघर. कोणता पाहुणा कुठवर जाईल हे कुठेही लिहिलेले नसे, पण ते सर्वांना ठाऊक असे.

७/
व्यवहाराचा माणूस देवडीवर किंवा ओसरीवर थांबे. आप्त माजघरापर्यंत जात. सोवळ्यातील माणसालाच स्वयंपाकघर खुले. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला पहिल्या उंबऱ्यालाही स्पर्श करता येत नसे. पाणी मिळालेच तर ते वरून ओंजळीत ओतलेले. आतल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, तीच रचना उलट्या दिशेने लागू होती. त्यांचे जग माजघराकडून मागे परसदाराकडे पसरत जाई; पुढचे दार त्यांचे नव्हतेच. म्हणजे एकच दार कोणासाठी बाहेरून बंद होते, तर कोणासाठी आतून. घराची ‘पवित्रता’ या दोन्ही बंदींवर उभी होती.

८/
या रचनेचे सर्वांत भव्य रूप म्हणजे शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला गेला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. वाड्याला पाच दरवाजे. मुख्य दरवाजा उत्तराभिमुख, म्हणून त्याचे नाव दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये यासाठी त्याच्या फळ्यांवर टोकदार लोखंडी खिळे, आणि वर नगारखाना. गणेश दरवाजातून वाड्यातील स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनाला जात, असे सांगितले जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचा देह ज्या दारातून बाहेर नेला, त्यालाच पुढे नारायण दरवाजा हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. खिळ्यांनी हत्ती अडले. खुनी मात्र वाड्यातल्याच पहाऱ्यातले होते.

९/
१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. राज्याचे दार पडले. पेठांमधील घरांची दारे मात्र त्या दिवशी जागीच राहिली. नव्या सरकारने महसूल, न्यायालये आणि फौज हाती घेतली. घराच्या आत काय चालते यात हात घालणे प्रारंभी बहुतांशी टाळले. राज्य गमावलेल्या समाजाला आपले असे वाटण्याजोगे जे उरले, ते उंबऱ्याच्या आत होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात पुण्यातील मोठे वाद पुन्हा पुन्हा उंबऱ्याशीच येऊन भिडले. कोण आत येईल, कोण बाहेर जाईल, आणि हे ठरवणार कोण?

१०/
पहिला मोठा धक्का १८४८चा. बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई. म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे ठेवीत, असे सांगितले जाते. रस्त्यावर शेण फेकणाऱ्याला काय खटकत होते, हे उघड आहे. एक स्त्री पुढच्या दाराने बाहेर पडत होती आणि इतर घरांतील मुलींनाही त्याच दाराने बाहेर काढत होती. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. माप ओलांडून आलेल्या सुनेने तोच उंबरा पतीसह उलट दिशेने ओलांडला.

११/
दुसरे दार १८६३चे, आणि त्यामागे एक खटला आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा पुण्यात फुल्यांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. एका पुरुषाने तिला फसवले, ती गरोदर राहिली. मूल जन्मले आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने ते मारले. न्यायालयाने तिला जन्मठेपेची शिक्षा देऊन अंदमानला पाठवले. त्या पुरुषाला काहीच झाले नाही. जोतीरावांनी पुढे या प्रकरणाची हकीकत लिहून ठेवली. काशीबाईपुढे कोणती दारे होती? माहेर, सासर, नोकरीचे घर. गर्भ दिसू लागल्यावर ही तिन्ही तिला बंद होती.

१२/
जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहरात जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा होता : विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर राहील. १८८४ मध्ये जोतीरावांनी नमूद केले, की तोवर ३५ गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या. या जाहिरातीचे मोल तिच्या तपशिलात आहे. दार उघडे आहे एवढेच तिने सांगितले नाही. आत आल्यावर निर्णय येणारीचाच राहील, हेही सांगितले. पुण्याच्या कोणत्याही उंबऱ्यावर विधवेला असा अधिकार त्याआधी क्वचितच कोणी देऊ केला असेल.

१३/
तिसरे दार १८६८चे. जोतीरावांनी आपल्या घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठा खुला करा, अशी मागणी करणे वेगळे आणि स्वतःच्या आवारातील पाणी खुले करणे वेगळे. पहिल्यात सरकारकडे किंवा पंचांकडे बोट दाखवता येते. दुसऱ्यात कडी आपल्याच हातात असते, आणि त्याची किंमतही आपल्यालाच मोजावी लागते. पुढे १८७४ मध्ये फुले दांपत्याने एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. या थ्रेडच्या अखेरीस तो पुन्हा भेटेल.

१४/
उंबरा ओलांडण्याची भीती केवळ सनातन्यांना नव्हती. ती सुधारकांच्याही वाट्याला आली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी मंडळी जमली. नंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्या चाळीसहून अधिक जणांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. १८९२ मध्ये रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले. एका परक्या उंबऱ्याच्या आत घेतलेला, किंवा नुसता हातात धरलेला, चहाचा पेला स्वतःच्या जातीची दारे बंद करू शकत होता.

१५/
ग्रामण्य म्हणजे दारांचा संप. वाळीत टाकलेल्याच्या घरी भटजी येत नाही, जेवणावळीला कोणी बसत नाही, मुलीचे लग्न अडते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यांच्या मूळ गावाने, कोकणातील मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरूडला आल्यावर घरच्यांनी त्यांना घरात घेतले, तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे ठरले. म्हणजे आईच्या घराचे दार आईच्या हातात राहिले नाही. ते गावाच्या हातात गेले. घर खासगी असते, ही समजूत येथे तपासून पाहावी. जातीच्या दृष्टीने प्रत्येक उंबरा सार्वजनिक होता.

१६/
ही सारी पार्श्वभूमी मनात ठेवून पुन्हा प्लेगकडे यावे. १८९६ च्या उत्तरार्धात साथ मुंबईत उघड झाली आणि लवकरच पुण्यात शिरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. तो अवघ्या काही कलमांचा होता, पण त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले : घराची तपासणी, माणसांचे विलगीकरण, प्रवासबंदी. प्लेगचा प्रसार उंदीर आणि पिसवांमार्फत होतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. घाण, कोंदट हवा आणि दडवलेले रोगी हेच शत्रू मानले गेले. त्यामुळे रोगाविरुद्धची लढाई घरांच्या दारांवर येऊन ठेपली.

१७/
त्याच दिवसांत पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाणे यांच्या माळावर, डॉ. यशवंत फुले प्लेगच्या रुग्णांवर उपचार करीत होते. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणीत. मुंढव्याजवळच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, असे सांगितले जाते. त्यातून त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १८४९ मध्ये ज्या स्त्रीला घराबाहेर काढले गेले, ती अखेरीस इतर कोणी पाऊल ठेवणार नाही अशा दारांत जात राहिली. ज्या मुलाला जगाने दार उघडले नसते, तो तिच्याजवळ डॉक्टर म्हणून उभा होता.

१८/
काही दिवसांतच शहरात घरतपासणी सुरू झाली. वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी विशेष प्लेग समितीचा प्रमुख होता, आणि तपासणीसाठी लष्कर वापरण्यात आले. धार्मिक भावना जपाव्यात असे हुकूम कागदावर होते. रस्त्यावरचा अनुभव वेगळा होता. सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, स्त्रियांची तपासणी झाली, सामान बाहेर काढून जाळले गेले, आणि संशयितांना नातेवाइकांपासून तोडून छावण्यांत नेण्यात आले, अशा तक्रारींनी वृत्तपत्रे भरून गेली. सरकारचा शब्द ‘तपासणी’ होता. पुणेकरांचा शब्द ‘जुलूम’ होता.

१९/
इतका क्षोभ का उसळला? रोगापेक्षा रुग्णालयाची भीती मोठी होती, हे एक कारण. दुसरे कारण वाड्याच्या रचनेत आहे. देवडी, ओसरी, माजघर, देवघर हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या शरीरात भिनलेला होता. आप्तालाही जेथे सोवळ्याशिवाय जाता येत नसे, तेथे परका शिपाई एका मिनिटात पोचला. १८१७ मध्ये राज्य गेले तेव्हा जे वाचले होते, ते आता गेले. घराच्या मालकाला आयुष्यात प्रथमच कळले, की आपल्या दाराची कडी आपल्या हातात नाही. हा अपमान खरा होता, आणि त्याची धग आज कागदपत्रांतूनही जाणवते.

२०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. कडी आपल्या हातात नसण्याचा अनुभव पुण्यात अनेकांना जुनाच होता. ओंजळीत पाणी घेणाऱ्याला तो होता, काशीबाईला होता, मुरूडच्या त्या आईलाही होता. १८९७ मध्ये तो प्रथमच पेठांतील प्रतिष्ठितांच्या वाट्याला आला, म्हणून तो राष्ट्रीय प्रश्न झाला. यामुळे सोजिरांचा जुलूम कमी ठरत नाही. परंतु त्याच समाजाने आपल्या उंबऱ्यांवर चालवलेला जुलूम तेव्हाच्या संतापात सहसा दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे. एक अन्याय मोठ्याने सांगितला गेला, दुसरा रोजचाच होता म्हणून ऐकू आला नाही.

२१/
पुढचे प्रसिद्ध आहे. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र. गव्हर्नरच्या निवासस्थानाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिन्ही भाऊ फासावर गेले. ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या अत्याचारांविषयी केलेले आरोप त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाहीत. परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीचा पुरावा देण्यासाठी पुढे यायचे, तर पुन्हा दाराबाहेर यावे लागते. कोणते कुटुंब त्यासाठी पुढे येणार होते?

२२/
९ मार्च १८९८ रोजी मुंबईत प्लेगचे पथक जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला गेले. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी अडवले, आणि त्यातून दंगल पेटली. धर्म वेगळा, वस्ती वेगळी, उंबरा तसाच. यानंतर सरकारने हळूहळू सक्ती सैल केली आणि स्थानिक लोकांच्या सहकार्यावर भर वाढवला. दार फोडून आत गेल्यास रोगी सापडत नाहीत, उलट दडवले जातात, हे सरकारला दोन वर्षांत आणि बऱ्याच जिवांच्या मोलाने कळले. कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला विधवांसाठीचा आश्रमही प्लेगमुळेच १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. तेथील साध्या झोपडीचे दार अनेक स्त्रियांच्या आयुष्यातील पहिले पुढचे दार ठरले.

२३/
१८९७चा साथरोग कायदा सव्वाशे वर्षे टिकला. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच वापरला गेला. महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील लोकांच्या हातावर शिक्के मारले गेले, घरांच्या दारांवर सूचना चिकटवल्या गेल्या. त्याच काळात घरकाम करणाऱ्या स्त्रियांना अनेक गृहसंकुलांच्या फाटकाबाहेर थांबावे लागले. नव्या सदनिकांच्या चौकटीला बहुधा तीनच लाकडे असतात. चौथे, म्हणजे उंबरा, बांधकामातून गेले. त्याचे काम मात्र चालू आहे. भाड्याचे घर शोधणाऱ्याला आडनाव विचारले जाते, धर्म विचारला जातो, काय खाता हे विचारले जाते. अडसर दिसत नाही, एवढेच.

२४/
पुण्यात किंवा वाई, सातारा, नाशिक येथे एखाद्या जुन्या वाड्यात जाण्याचा योग आला, तर गणेशपट्टीच्या कोरीव कामाचे छायाचित्र अवश्य काढावे. मग दिंडीतून वाकून आत जाताना खाली उंबऱ्याकडेही पाहावे. तो मधोमध खोलगट झालेला असतो; पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी लाकूड झिजलेले असते. त्या खळग्यात वाड्याच्या मालकाची पावले आहेत, पाहुण्यांची आहेत, माप ओलांडून आलेल्या सुनांचीही आहेत. ज्यांना त्या उंबऱ्यावर कधी पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्यांची खूण मात्र लाकडात सापडत नाही. ती शोधण्यासाठी जोतीरावांची ती जाहिरात, काशीबाईचा तो खटला आणि १८६८चा तो हौद पाहावा लागतो.